शेवटचा शब्द कुणाचा? आमच्या संस्थेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसिक आजारातून जाणारी माणसं आणि त्यांच्या घरचे यांच्यासाठी आम्ही नाशिकमध्ये आधारगट चालवतो. अशोकस्तंभाच्या परिसरात एका जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. बैठका तिथेच होतात आणि संस्थेचं कपाटही तिथेच आहे. फोनवर, जिन्यात, वार्षिक सभेत आणि कधी लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक जे विचारतात ते इथे घेतलं आहे. सध्याची कार्यवाह म्हणून उत्तरं मी लिहिली. इथे देण्याआधी ती गटात मोठ्याने वाचली. नातेवाइकांविषयीचं आणि पैशांविषयीचं उत्तर तिथे दोनदा बदललं. ज्यांचे प्रसंग आले आहेत त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मला आत्ताच त्रास होतोय. मरणाचे विचार येताहेत. काय करू?

हे पान बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा. ही टेली-मानस, सरकारची मोफत सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी दारात असेल तर ११२. जिल्हा रुग्णालयाचा तातडीचा विभाग रात्रीही उघडा असतो. फोन लागेपर्यंत एकटे बसू नका. बाहेरच्या खोलीत, शेजारी, खालच्या दुकानात जो कुणी असेल त्याला हाक मारा. ‘माझ्याजवळ बस’ एवढं म्हटलं तरी पुरे, कारण सांगायची गरज नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द. शंका आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. आणि पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं असतं आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी असते.

तुमचा दवाखाना आहे का?

नाही. आम्ही निदान करत नाही, गोळ्या देत नाही, गोळ्या बंद करायलाही सांगत नाही. आजार असलेल्या माणसाला आम्ही शुभार्थी म्हणतो आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. हे शब्द आमचे नाहीत. महाराष्ट्रात या कामात असलेल्या लोकांत ते आधीपासून रुळले आहेत. शुभार्थींचा गट रविवारी सकाळी भरतो, शुभंकरांचा बुधवारी संध्याकाळी. त्याशिवाय आम्ही कागदपत्रांना, दवाखान्यात सोबत जायला, नोकरीवर परत रुजू व्हायला मदत करतो.

याची गरज का पडते, ते नकाशा पाहिला की कळतं. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे. नाशिकच्या माणसाला दाखल करायची वेळ आली आणि खासगी दवाखाना परवडत नसला, तर एक तर कसारा घाट उतरायचा नाही तर पुण्याचा रस्ता धरायचा. जिल्हा रुग्णालयातल्या ओपीडीत उपचार मिळतात, पण सुरगाण्यासारख्या लांबच्या तालुक्यातून यायचं तर रोजगार बुडतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यं होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या १२ राज्यांत आजारागणिक ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. गोळी लिहून मिळाली तरी घरी परतल्यावर आठवड्यातल्या उरलेल्या सहा दिवसांचं काय, हा प्रश्न उरतोच. आमचं काम त्या सहा दिवसांत आहे.

संस्था चालवतं कोण?

नऊ जणांचं कार्यकारी मंडळ. त्यातले निदान चार शुभार्थी आणि दोन शुभंकर असलेच पाहिजेत, ही अट आमच्या नियमावलीत लिहिलेली आहे. मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक सल्लागार असतात. सभेला बसतात, बोलतात, पण मत देत नाहीत. डॉक्टरांना हे सांगणं सोपं नव्हतं. एक ज्येष्ठ डॉक्टर पहिल्यांदा दुखावले. नंतर तेच म्हणाले की मताचा अधिकार नसल्यामुळे मला इथे ऐकायला जास्त मिळतं.

पद तीन वर्षांचं. लागोपाठ दोनदा, मग बाहेर. बाहेर म्हणजे खरोखर बाहेर. ‘संस्थापक’, ‘मार्गदर्शक’, ‘प्रेरणास्थान’ असं कोणतंही पद आम्ही ठेवलेलं नाही. एकाच माणसाच्या नावावर उभ्या राहिलेल्या संस्थेत त्या माणसाला नाही म्हणायची हिंमत हळूहळू जाते. शिवाय आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यभर ‘तुला काय कळतंय’ हेच ऐकलेलं असतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. त्याची प्रत आम्ही भिंतीवर लावतो. कुणीही वाचावी.

ज्याला स्वतःलाच आजार आहे तो संस्था कशी सांभाळणार?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि बहुतेक वेळा हळू आवाजात. त्यामागची काळजी खोटी नाही, म्हणून नीट सांगते.

आमचे एक खजिनदार बायपोलर आजारासह जगतात, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जातं. पद घेतानाच त्यांनी एक कागद लिहून दिला. त्यात होतं: सलग तीन रात्री माझी झोप चार तासांच्या खाली गेली, किंवा रात्री दोन वाजता मी मंडळाच्या ग्रुपवर नव्या योजना टाकायला लागलो, तर माझ्या बायकोने आणि कार्यवाहांनी मला तोंडावर सांगायचं. मी वाद घालेन. तरीही चेकबुक मागून घ्यायचं. खाली त्यांची सही, बायकोची सही, माझी सही.

दुसऱ्या वर्षी ती वेळ आली. मी आणि वहिनी त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी वाद घातला, चांगला पाऊण तास. मग उठले, आत गेले आणि भाजीच्या कापडी पिशवीत घालून चेकबुक, पावतीबुकं आणि लॉकरची किल्ली घेऊन आले. शेवटच्या चेकची, चेकबुकात मागे राहणारी चिठ्ठीसुद्धा भरलेली होती: तारीख, रक्कम, कशासाठी. अडीच महिन्यांनी ते कामावर परतले आणि पिशवी जशीच्या तशी त्यांच्या हातात दिली. त्या वर्षी ऑडिटरने एकही शंका काढली नाही.

धडधाकट म्हणवणारे किती पदाधिकारी ‘माझं कुठे चुकू शकतं’ हे आधी लिहून देतात? आजारपणाने ही सवय लावली, हे मी अगदी मनापासून म्हणते. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम चालू आहे. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे कार्यकर्ते झाली आहेत. त्यांच्या शब्दाला जे वजन आहे ते पुस्तकातून येत नाही.

कायदाही या बाजूचा आहे. २०१७ च्या कायद्यात आगाऊ निर्देशाची सोय आहे. आपण आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आपल्या वतीने कोण बोलेल, हे बरे असतानाच लिहून ठेवता येतं. आमच्या खजिनदारांनी तोच विचार संस्थेच्या कारभाराला लावला. आता मंडळातला प्रत्येक जण असा कागद देतो, ज्याला कधीच काही झालेलं नाही तोसुद्धा. मी माझ्या कागदात लिहिलं आहे की, मी सभेत लोकांची वाक्यं तोडायला लागले की मला सुट्टीवर पाठवा.

‘ज्याचं दुखणं त्याचा शब्द शेवटचा’ असं तुम्ही म्हणता. मग घरच्यांनी काय फक्त सोसायचं?

एक आई सातपूरहून यायच्या. मुलगा पस्तिशीचा, स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार), गोळ्या चालू, एका वर्कशॉपमध्ये पहिल्या पाळीला कामाला. त्याच्यासाठी स्थळ आलं होतं. आईचं म्हणणं असं, की आजाराचं मुलीकडच्यांना सांगू नये, आणि मुलगा नको म्हणतोय तर तुम्ही त्याला समजवा, तुमचं तो ऐकतो. त्या माऊलीने अकरा वर्षं एकही रात्र पूर्ण झोप घेतली नव्हती. ‘माझ्यामागे याला कोण’ हा तिचा प्रश्न होता, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तरीही आम्ही समजवायला गेलो नाही. त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘मला लग्न हवंय, पण लपवून नको. आणि आत्ता नको, पगार वाढल्यावर.’ एवढा स्वच्छ विचार त्या घरात दुसऱ्या कुणी केलेला नव्हता. आम्ही त्याच्या परवानगीने त्याच्यासोबत आईसमोर बसलो. तो बोलला, आम्ही बाजूला होतो. आई रडल्या, चिडल्या, दोन महिने आल्या नाहीत. मग बुधवारच्या गटात परत येऊ लागल्या.

२०१७ च्या कायद्याच्या चौथ्या कलमातली एक गोष्ट मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगते: एखाद्याचा उपचारांविषयीचा निर्णय इतरांना चुकीचा किंवा अयोग्य वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही. आपल्या घरांत नेमकं याच्या उलट चालतं. त्याने होकार दिला तर ‘आता सुधारला’, नाही म्हणाला तर ‘गोळी वाढवा’.

शेवटचा शब्द म्हणजे एकमेव शब्द नव्हे. शुभंकराचं म्हणणं आम्ही पूर्ण ऐकतो, त्याच्यासाठी वेगळा गट आहे, त्याच्या थकव्याची नोंद घेतो. गटात हे उत्तर वाचलं तेव्हा एक वडील म्हणाले, ‘आमच्यावर हात उगारला जातो तेही लिहा.’ बरोबर आहे. मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, माणूस काहीच समजून घेण्याच्या स्थितीत नसेल, तर तातडीचे उपचार आणि संमतीशिवाय दाखल करण्याचा मार्ग कायद्यात आहे. पण तो ठरावीक पायऱ्यांनी जातो, ठरावीक मुदतीसाठी असतो, आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. गाडी बोलावून, फसवून, ‘फिरायला जाऊ’ म्हणून नेणं याला आम्ही कधीच हातभार लावत नाही. तसं एकदा झालं की त्या माणसाचा विश्वास परत मिळवायला वर्षं जातात.

तुमच्याकडे सगळे एकमेकांना ‘अहो’ का म्हणतात?

हा आमचा सर्वांत जुना नियम आहे. कुठल्याही घरात बघा. पंचेचाळीस वर्षांचा धाकटा भाऊ असतो, एकेकाळी अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर होता. आजारी पडला आणि त्याचं ‘अहो’ गेलं. भाचे ‘ए मामा’ म्हणू लागले, वहिनी ‘जेवला का रे’ म्हणू लागल्या, दवाखान्यात कंपाउंडर ‘बस इथे’ म्हणू लागला. कुणाच्या मनात वाईट नसतं. पण मराठीत माणसाची इयत्ता क्रियापदात असते, आणि त्याला रोज खालच्या इयत्तेत बसवलं जातं.

म्हणून आमच्या खोलीत विशीच्या पुढच्या प्रत्येकाला अहो-जाहो. ‘बाळा’, ‘राजा’, ‘सोन्या’ नाही. ‘पेशंट’ नाही. माणूस स्वतः म्हणाला की मला अरे म्हणा, तरच अरे. मला सगळे ताई म्हणतात, ते मी थांबवू शकले नाही, पण शुभार्थींनाही मी ताई, काका, दादाच म्हणते. नव्या स्वयंसेवकाने पहिल्या महिन्यात एवढं साधलं तरी आम्हाला पुष्कळ वाटतं.

आमची माहिती बाहेर जाणार नाही ना?

इथे मला माझी चूक सांगितलीच पाहिजे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या फराळाच्या वेळी मी खोलीचा एक फोटो काढला आणि देणगीदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. सगळे पाठमोरे होते, म्हणून मी निश्चिंत होते. त्यात एक बाई पोपटी स्वेटर घालून बसल्या होत्या. तो स्वेटर त्यांच्या जावेने विणला होता, आणि जावेची मैत्रीण त्या ग्रुपमध्ये होती. तीन दिवसांत सासरी कळलं. त्या बाई यायच्या बंद झाल्या.

मी मंडळासमोर स्वतःच विषय मांडला. ठराव झाला आणि सहा महिने मला देणगीदारांशी बोलण्याच्या कामातून बाजूला केलं. ते योग्य होतं. त्या बाईंना मी फोन केला नाही, फोन घरात कुणी उचलला असता तर आणखी एक घाव. गटातल्या त्यांच्या एका मैत्रिणीच्या हाती माफीची चिठ्ठी दिली. पाच महिन्यांनी त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, ‘ताई, विचारलं असतंत तर मी पलीकडच्या रांगेत बसले असते.’

तेव्हापासून दाराशी वेताची टोपली आहे. आत येताना मोबाइल त्यात, माझाही. मनोरुग्णालयात किंवा उपचार केंद्रात असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये, असं कायदा सांगतो. आम्ही उपचार केंद्र नाही, तरी तोच नियम आम्हाला लागू आहे असं मानतो. नोंदवहीत पूर्ण नाव लिहित नाही. कपाटाला दोन कुलपं आहेत, किल्ल्या दोघांकडे असतात, आणि त्यातला एक जण शुभार्थी असतो.

गोपनीयता कधी मोडता?

तीनच वेळी. कुणाच्या जिवाला समोर दिसणारा धोका असेल तेव्हा. अल्पवयीन मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती कळेल तेव्हा, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. आणि न्यायालयाचा आदेश असेल तेव्हा. हे गटात पहिल्याच दिवशी सांगतो, म्हणजे नंतर कुणाला दगा झाल्यासारखं वाटत नाही. शक्य असेल तर कळवण्याआधी त्या माणसाला सांगतो, आणि फोन त्याच्यासमोर लावतो.

पैसा कुठून येतो?

लोकांच्या छोट्या देणग्या, वर्गणी आणि काही कारखान्यांचा सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी ठेवलेला पैसा. गटाला फी नाही. दरवर्षी ऑडिट होतं आणि जमाखर्च वार्षिक सभेत वाचून दाखवतो, चहा-साखरेसह.

काही पैसे आम्ही घेत नाही. औषध कंपन्यांचे नाहीत, कारण गोळ्यांबद्दल आम्ही मोकळेपणाने बोलू शकलो पाहिजे. निवडणुकीच्या तोंडावर फलकासह येणारे नाहीत. आणि ‘बरे झालेले चार जण स्टेजवर आणा’ अशी अट असलेले नाहीत. एका देणगीदारांनी खोली बांधून द्यायची तयारी दाखवली होती. अट अशी, की उद्घाटनाला शुभार्थींनी अनुभव सांगावेत. विषय गटात ठेवला. दोघे तयार होते, बाकीचे नव्हते. जे तयार नव्हते त्यांच्यातल्या एकांनी विचारलं, ‘खोली मिळाल्यावर आम्ही त्यांच्यासमोर आजारी पडू शकू का?’ आम्ही खोली घेतली नाही. अजून भाड्यानेच आहोत, आणि पावसाळ्यात एका कोपऱ्यात बादली ठेवावी लागते. मंडळात आजही दोघांना वाटतं की तो निर्णय चुकला. त्यांचं मत इतिवृत्तात नोंदलेलं आहे.

सीएसआरचे फॉर्म ‘लाभार्थी संख्या’ विचारतात. आम्ही आकडा देतो, पण खाली एक ओळ जोडतो, की यातले काही जण संस्था चालवतात.

घरचे म्हणतात ‘बाहेरचं’ आहे. देव-देवस्कीबद्दल तुमची भूमिका काय?

आम्ही कुणाची श्रद्धा मोडायला बसलेलो नाही. सप्तशृंगीला जाऊन आल्यावर ज्याला बरं वाटतं त्याला आम्ही जाऊ नका म्हणत नाही. म्हणतो, गोळ्यांची पुडी सोबत न्या, गडावर चुकवू नका. पेठ-सुरगाण्याकडे माणूस आधी भगताकडे जातो, हे वास्तव आहे. तिथल्या एका भगतांशी आमच्या कार्यकर्त्यांनी वर्षभर नुसत्या गप्पा मारल्या, उपदेश केला नाही. आता ते काही माणसांना स्वतःच ग्रामीण रुग्णालयात पाठवतात. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ शेजारी शेजारी चालवण्याचा प्रयोग झाला आहे. त्यातून आम्ही पुष्कळ शिकलो.

पण बांधणं, मारणं, उपाशी ठेवणं, चटके देणं, तिथे आमची सहनशीलता संपते. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या मनोरुग्णांच्या आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ जण जळून गेले. साखळीने बांधायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि अघोरी उपायांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. असं काही दिसलं तर आम्ही गप्प बसत नाही.

घाटावर, स्टँडवर बेवारस मनोरुग्ण दिसला तर?

जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेणं हे त्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांचं काम आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. सिंहस्थ जवळ आला आहे, रामकुंडावर लाखोंची गर्दी होणार. तेव्हा हे नाशिकच्या प्रत्येक दुकानदाराला माहीत असावं असं मला फार वाटतं. त्या माणसाला पाणी द्या, नाव विचारा, व्हिडिओ काढू नका.

स्वयंसेवक व्हायचं असेल तर?

आधी तीन महिने फक्त सतरंज्या घालायच्या, चहा करायचा आणि ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. हे अनेकांना जड जातं, आणि जे टिकतात ते इथेच कळतात. मग प्रशिक्षण. पुढे महिन्यातून एकदा बाहेरच्या समुपदेशकाशी स्वतःविषयी बोलणं सक्तीचं आहे, मलाही. शुभार्थीला उसने पैसे द्यायचे नाहीत, त्याच्याकडून घ्यायचे नाहीत. एकट्याने कुणाच्या घरी जायचं नाही.

सुट्टी मागायला लाजू नका. दिंडोरी-निफाडचे आमचे कार्यकर्ते द्राक्षबागांच्या ऑक्टोबरच्या छाटणीत येत नाहीत, आणि फेब्रुवारीत गारपीट झाली तर आम्हीच त्यांना फोन करतो, कामासाठी नव्हे, ते कसे आहेत विचारायला. सातपूर-अंबडचे लोक पाळी बदलली की दिवस बदलून घेतात.

पदाधिकाऱ्याविरुद्धच तक्रार असेल तर?

लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार नेमलेल्या अंतर्गत समितीकडे. तिच्या अध्यक्ष महिला आहेत आणि एक सदस्य संस्थेबाहेरच्या. बाकी तक्रारींसाठी दाराजवळ पेटी आहे. ती कार्यवाह किंवा अध्यक्ष उघडत नाहीत, दर महिन्याला चिठ्ठी टाकून निवडलेले दोन शुभार्थी उघडतात आणि सभेत वाचतात. माझ्याविरुद्ध आलेली एक तक्रार मी सभेत बसून ऐकली आहे: ‘ताई घाईत असल्या की आमच्याकडे न बघता हो हो म्हणतात.’ खरं होतं. ती इतिवृत्तात आहे.

पहिल्यांदा यायचंय, पण जिना चढायची भीती वाटते. कुणी पाहिलं तर?

ही भीती इतकी नेहमीची आहे की आमच्या पाटीचा प्रश्न त्यावरूनच निघाला. खाली पाटीवर ‘मानसिक आरोग्य’ लिहायचं की नाही, यावर दोन सभा गेल्या. आम्ही कार्यकर्ते मोठ्या आवाजात म्हणत होतो, लपवायचं कशाला, आपणच लपवलं तर समाज काय बदलणार. एका शुभार्थीने हात वर केला: ‘पाटी तुमची आहे, जिना मला चढायचा आहे.’ मतदान फक्त शुभार्थींनी केलं. पाटीवर संस्थेचं नाव आहे, ते दोन शब्द नाहीत. तळमजल्यावर शिंपी आहेत, त्यामुळे जिन्यात लोक ये-जा करतच असतात. दर दोन वर्षांनी हा विषय पुन्हा मताला येतो. मागच्या वेळी फरक तीन मतांचा होता.

रविवारी दहाला या. साडेनऊला आलात तर खोली रिकामी असते, हवी ती जागा धरता येते. बरेच जण खिडकीजवळची धरतात. नाव सांगायची सक्ती नाही, बोलायची तर नाहीच. सोबत कुणाला आणलं तरी चालेल, पण ते बाहेरच्या खोलीत बसतील. सव्वाअकराला चहा होतो. त्याआधी उठून जावंसं वाटलं तर जा, कुणी ‘का’ म्हणून विचारणार नाही. टोपलीतला मोबाइल तेवढा आठवणीने घ्या.